विषाणू, पुरःस्थ ग्रंथी आणि शाबितीची जबाबदारी

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके बोलतात मराठी, पण नकाशात आहेत मध्य प्रदेशात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर ही आमची राजधानी होती आणि उच्च न्यायालयही तेथेच होते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मागे राहिला, आणि तेव्हापासून आमच्या लोकांचे अपील जबलपूरला जाते नि दुखणे मात्र नागपूरला जाते. २०२३ च्या ऑक्टोबरात या दोन तालुक्यांचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. तरी दुखण्याची वाट काही बदललेली नाही.

या वाटेने जाणाऱ्या दुखण्यांपैकी एका दुखण्याविषयी येथे लिहावयाचे आहे. पुरुषाच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. वैद्यकाच्या मराठीत तिला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात, व्यवहारात प्रोस्टेट. उतारवयात ती वाढते, लघवीची धार मंदावते, रात्री तीनतीनदा उठावे लागते. बहुतेकांच्या बाबतीत ही वाढ निरुपद्रवी असते. काहींच्या बाबतीत तो कर्करोग असतो आणि तो हाडांत उतरला की कंबर धरते. वकिलीच्या धंद्यात वृद्ध पक्षकारांचा सहवास पुष्कळ घडतो. वाटणीच्या दाव्यात साक्षीला आलेला म्हातारा तासभर पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही, आणि का राहू शकत नाही हे तो न्यायाधीशांस तर नाहीच, पण आपल्या वकिलासही सांगत नाही. सांगितलेच तर हळूच एक प्रश्न विचारतो: हे लागट तर नाही ना? घरात नातवंडे आहेत, सुना आहेत. उद्या कोणी आपले ताट वेगळे ठेवले तर?

प्रश्न भाबडा वाटतो. पण तो भाबडा नाही. कर्करोग विषाणूने होतो काय, आणि पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग तसा होतो काय, या दोन प्रश्नांवर शास्त्रज्ञांनी शंभरांहून अधिक वर्षे खर्च केली आहेत. पहिल्याचे उत्तर 'काही बाबतींत होय' असे मिळाले. दुसऱ्याचे उत्तर एकदा 'होय' असे जाहीर होऊन पुढे मागे घ्यावे लागले. हा सारा इतिहास एखाद्या लांबलेल्या खटल्याच्या कागदपत्रांसारखा आहे, आणि तो त्याच दृष्टीने वाचण्याचा आमचा मानस आहे.

आरंभ एका कोंबडीपासून होतो. १९०९ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राऊस या तरुण वैद्याकडे छातीवर गाठ असलेली कोंबडी आणण्यात आली. राऊसने ती गाठ कुटून तिचा रस काढला आणि तो अशा गाळणीतून गाळला की जिच्यातून कोणताही जीवाणू पार जाऊ शकत नाही. तो निवळ रस दुसऱ्या निरोगी कोंबडीस टोचताच तिलाही तशीच गाठ आली. १९११ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गाळणीतून निसटणारे असे काहीतरी गाठ उत्पन्न करते, एवढेच त्यात म्हटले होते; पण ते कोणाला पटले नाही. कोंबडीचा रोग माणसाला लागू कसा करावा, हा आक्षेप होता. पुराव्याच्या कायद्याच्या भाषेत बोलायचे तर साक्ष खरी होती, पण ती या दाव्याशी संबद्ध मानली गेली नाही.

राऊसला नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ साली, म्हणजे पंचावन्न वर्षांनी. तेव्हा त्याचे वय सत्त्याऐंशी होते. या पारितोषिकाविषयीची एक गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. ते दोघांत विभागले गेले होते, आणि दुसरा मानकरी होता शिकागोचा चार्ल्स हगिन्स. हगिन्सने १९४१ साली दाखवून दिले होते की, पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग पुरुष-संप्रेरकावर पोसला जातो. ते संप्रेरक तोडले, अथवा त्याच्या विरोधी संप्रेरक दिले, तर हाडांत पसरलेला रोगही काही काळ मागे हटतो आणि अंथरुणाला खिळलेला रुग्ण उठून बसतो. आजही या रोगाच्या उपचाराचा एक मुख्य खांब तोच आहे. अशा रीतीने स्टॉकहोमच्या एकाच व्यासपीठावर विषाणूचा शोधक आणि पुरःस्थ ग्रंथीचा शोधक शेजारी उभे राहिले. या दोन शोधांचा आपसात काही संबंध आहे काय, असा प्रश्न त्या सोहळ्यात कोणी विचारला असेल वा नसेल. पण पुढच्या चाळीस वर्षांत तोच विचारला गेला.

विषाणू आणि संप्रेरक यांची सांगड घालण्याचा प्रयत्न मात्र त्यापूर्वीच झाला होता, आणि त्यात एका मराठी विदुषीचा मोठा वाटा आहे. १९३६ साली अमेरिकेत जॉन बिटनर याने उंदरांवर एक प्रयोग केला. स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असलेल्या कुळातील पिल्ले जन्मताच उचलून त्याने निरोगी कुळातील मादीच्या अंगावर पाजली. त्यांच्यात रोगाचे प्रमाण घटले. म्हणजे आईच्या दुधातून काहीतरी जात होते. ते काहीतरी एक विषाणू होते, हे पुढे सिद्ध झाले. परंतु विषाणू एकटा पुरत नव्हता. आनुवंशिक प्रवृत्ती आणि स्त्री-संप्रेरके यांची साथ त्याला लागत होती. तीन आरोपींनी मिळून केलेला हा गुन्हा होता.

मुंबईत १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. त्याचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर होत. या मासिकाच्या कोकण-गोमंतकातील वाचकांस हे नाव सांगावयास नको. मुंबई विद्यापीठाचे ते पुढे कुलगुरूही झाले. तंबाखूची सवय आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध, निरनिराळ्या जातिजमातींच्या चालीरीती आणि त्यांना होणारे कर्करोग यांचा संबंध, हे त्यांच्या अभ्यासाचे विषय. रोग माणसाच्या शरीरात असतो, पण त्याचे मूळ पुष्कळदा माणसाच्या जगण्याच्या रीतीत असते, ही दृष्टी त्यांनी आपल्या शिष्यांस दिली.

त्या शिष्यांत डॉ. कमल रणदिवे अग्रगण्य. जन्म पुण्याचा, १९१७ चा. माहेरचे आडनाव समर्थ. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. एम. एस्सी.चा त्यांचा प्रबंध सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींवर होता. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्या पीएच. डी. झाल्या आणि नंतर बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी काचपात्रात वाढविण्याचे तंत्र शिकून आल्या. परत येऊन त्यांनी मुंबईच्या केंद्रात भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. उंदरांच्या निरनिराळ्या वाणांवर काम करून त्यांनी दाखविले की, कर्करोगाला बळी पडण्याची प्रवृत्ती समजून घ्यावयाची असेल तर संप्रेरके आणि विषाणू यांचे परस्परांशी असलेले नाते पाहिले पाहिजे; एकाला सोडून दुसऱ्याचा विचार करणे व्यर्थ आहे. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ साली त्या निवर्तल्या. राऊस आणि हगिन्स शेजारी उभे राहिले तेव्हा मुंबईच्या या प्रयोगशाळेत त्या दोघांचे विषय एकाच पिंजऱ्यातल्या उंदरात अभ्यासले जात होते, याचा मराठी माणसाला अभिमान वाटला तर ते वावगे नव्हे.

उंदरावरून माणसाकडे येण्याची वेळ आली तेव्हाही मुंबई मध्यभागी होती. पारशी समाजात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळते, आणि आपसांतच विवाह करणारा तो समाज आहे; तेव्हा दुधातील विषाणू शोधावयाचा तर तेथे शोधावा, असा विचार पुढे आला. १९७१ साली अमेरिकेतील डॅन मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केले की, पारशी स्त्रियांच्या दुधाच्या नमुन्यांत उंदराच्या विषाणूशी साम्य असणारे कण आढळतात. पुढल्याच वर्षी मुंबईच्या संशोधन संस्थेतील दास, वैद्य आणि सत्यवती सिरसाट यांनी मूर यांच्यासह त्या कणांचा रासायनिक अभ्यास मांडला. जगभर खळबळ उडाली. पण कण दिसणे निराळे आणि त्या कणांनी रोग होतो हे शाबीत होणे निराळे. ती शाबिती पुढे झाली नाही. पारशी मातांनी अंगावर पाजणे सोडावे काय, हा प्रश्न कल्पनेतला नव्हता. अर्धवट पुराव्याची झळ नेहमी अशाच कोणाला तरी लागते.

या सुमारास स्वतः राऊसच्या कोंबडीचे कोडेही उलगडले. १९७६ साली बिशप आणि व्हार्मस यांच्या प्रयोगशाळेने दाखविले की, त्या विषाणूतील गाठ उत्पन्न करणारे जनुक मुळात विषाणूचे नाहीच. ते कोंबडीच्या निरोगी पेशीतून त्याने पूर्वी केव्हातरी उचललेले आहे. चोरीचा माल आरोपीच्या घरात सापडावा आणि तो फिर्यादीच्याच तिजोरीतला निघावा, तसा हा प्रकार. कर्करोगाची बीजे आपल्याच पेशींत असतात, हा आजच्या कर्करोगशास्त्राचा पाया या शोधाने घातला.

विषाणूवरील सारेच आरोप मात्र असे डळमळीत नव्हते. कावीळ उत्पन्न करणारा ब प्रकारचा विषाणू आणि यकृताचा कर्करोग, पॅपिलोमा विषाणू आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग, हे संबंध निर्विवाद शाबीत झाले. दुसऱ्याची शाबिती आपल्या मराठवाड्याच्या खेड्यांत कशी झाली हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय यांनी उस्मानाबाद जिल्ह्यात ५२ ग्रामसमूहांतील १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. आयुष्यात एकदाच या विषाणूची तपासणी केली व दोषी आढळलेल्यांवर उपचार केले, तर पुढील आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. २००९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पुढे पुण्यात तयार झालेल्या या विषाणूवरील भारतीय लशीला २०२२ साली मान्यता मिळाली. कारण खरे सापडले की त्याचे फळ असे खेड्याच्या पाराशी येऊन पोचते. म्हणूनच पुरःस्थ ग्रंथीच्या बाबतीतही कारण सापडावे, अशी आशा संशोधकांनी बाळगली, यात नवल नाही.

ती आशा २००६ साली फळाला आल्यासारखी वाटली. शरीरात विषाणूशी लढणारे एक जनुक आहे. त्याचे नाव आरनेसेल. काही घराण्यांत पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग पिढीजात आढळतो आणि त्यांच्यापैकी काहींत हे जनुक सदोष असते, असे आधी दिसून आले होते. पहारेकरीच आंधळा, तेव्हा चोर शिरला असणार, हा तर्क साहजिक होता. क्लीव्हलँड आणि सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी ८६ रुग्णांच्या गाठी तपासल्या. ज्यांना या जनुकाची सदोष प्रत आई आणि वडील दोहोंकडून आली होती, अशा २० रुग्णांपैकी ८ जणांत एक नवाच विषाणू सापडला. उरलेल्या ६६ जणांत केवळ एकात. हा विषाणू उंदरांच्या रक्तकर्करोगाच्या विषाणूचा भाऊबंद होता. त्याला एक्सएमआरव्ही हे नाव मिळाले.

हेतू होता, संधी होती, घटनास्थळी आरोपी सापडला होता. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी याहून चांगली क्वचितच जुळते. २००९ साली याच विषाणूवर दीर्घकालीन थकव्याच्या रोगाचाही आरोप 'सायन्स' या नियतकालिकातून ठेवण्यात आला. २०१० साली कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे थकव्याच्या रोगाच्या रुग्णांचे रक्त घेणे थांबविण्यात आले. हजारो रुग्णांना वाटले की आपल्या दुखण्याला अखेर नाव आणि कारण मिळाले.

पण दुसरीकडे शोधणाऱ्यांना तो विषाणू सापडेना. बर्लिनच्या संशोधकांनी ५८९ गाठी तपासल्या. एकातही तो नव्हता. मग हा विषाणू आला कोठून, याचा शोध सुरू झाला, आणि २०११ साली जे उत्तर निघाले ते संत्र्याच्या बागाईतदाराला चटकन समजेल असे आहे. आमच्या पांढुर्णा-सौंसरच्या बागांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. वर फळ संत्र्याचे येते, पण खाली मूळ जंबेरीचे असते, आणि खुंटात दोष असला तर तो कलमाला भोवतो. प्रयोगशाळेतही असेच घडले होते. एका रुग्णाच्या पुरःस्थ ग्रंथीतील गाठीचे तुकडे अभ्यासासाठी उंदरांच्या अंगावर कलमाप्रमाणे वाढविण्यात आले होते. हे १९९० च्या दशकाच्या आरंभीचे काम. एका उंदरावरून दुसऱ्यावर ते कलम नेता नेता उंदरांच्या अंगी पिढ्यान्‌पिढ्या सुप्त असलेले दोन विषाणूंचे अंश एकत्र आले आणि त्यांच्या मिश्रणातून हा नवा विषाणू जन्मला. सुरुवातीच्या कलमांत तो नव्हता. नंतरच्या कलमांत होता. त्या गाठीपासून केलेली पेशींची जात जगातील अनेक प्रयोगशाळांत पोचली, आणि तिच्याबरोबर विषाणूही पोचला. मिश्रणाचे सांधे इतके ठरावीक जागी आहेत की, तसाच योग निसर्गात स्वतंत्रपणे पुन्हा जुळून यावा हे जवळजवळ अशक्य. थोडक्यात, विषाणू खरा होता, पण तो रुग्णांत नव्हता. तपास करणाऱ्यांच्या टेबलावर होता.

थकव्याच्या रोगावरील लेख 'सायन्स'ने डिसेंबर २०११ मध्ये मागे घेतला. पुरःस्थ ग्रंथीवरील २००६ चा लेख २०१२ साली मागे घेण्यात आला. या दुसऱ्या प्रकरणी एक गोष्ट नमूद करणे न्यायाचे ठरेल. मूळ शोध लावणाऱ्यांपैकीच काहींनी आपले जुने नमुने पुन्हा उघडले, नवे नमुने गोळा केले, आणि जुन्या नमुन्यांत प्रयोगशाळेतील बाधित पेशींचा संसर्ग झाला होता, हे स्वतःच प्रसिद्ध केले. न्यायासनासमोर साक्षीदाराने आपणहून साक्ष दुरुस्त करावी, असा प्रसंग आमच्या पाहण्यात फारसा येत नाही.

मग आज स्थिती काय? पॅपिलोमा, एपस्टाइन-बार, सायटोमेगॅलो अशा अनेक विषाणूंच्या खुणा पुरःस्थ ग्रंथीच्या गाठींत वेळोवेळी आढळल्या आहेत. काही अभ्यासांत निरोगी ग्रंथीपेक्षा अधिक, काहींत सारख्याच. येथे पांढुर्ण्याच्या गोटमारीची आठवण होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव उभे राहते, पात्रातल्या पळसावरील झेंड्यासाठी दगडांचा वर्षाव होतो. कोणाचे डोके फुटले तर हजारो हातांपैकी कोणत्या हातचा दगड लागला हे कोणते न्यायालय ठरवील? काठावर हजर असणे म्हणजे दगड मारणे नव्हे. आणि दगड मारणे म्हणजे तोच लागणे नव्हे. ग्रंथीच्या ऊतीत विषाणू असणे, त्याने दाह उत्पन्न करणे, आणि त्या दाहातून कर्करोग होणे, या तीन निरनिराळ्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीला स्वतंत्र पुरावा लागतो. दीर्घकाळच्या दाहाने पेशी बिघडत असाव्यात, हा संशय आजही जिवंत आहे. परंतु आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ज्या विषाणूंना माणसाच्या कर्करोगाचे निश्चित कारण म्हणून मान्यता दिली, त्यांपैकी एकालाही तिने पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाबद्दल दोषी ठरविलेले नाही. ज्या गोष्टी पक्क्या आहेत त्या जुन्याच: वाढते वय, घराण्यातील रोगाचा इतिहास, काही जनुकांतील दोष, आणि हगिन्सने दाखविलेले संप्रेरकाचे पोषण.

१८७२ च्या साक्ष कायद्याची जागा २०२४ साली नव्या अधिनियमाने घेतली. पण जो आरोप करतो त्यानेच तो शाबीत करावा, हे तत्त्व कायम राहिले. या तत्त्वाचा उपयोग आरोपीला होतो, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. येथे तो रुग्णाला होतो. विषाणूवरील आरोप शाबीत नाही, म्हणजेच त्या म्हाताऱ्याचे ताट वेगळे ठेवण्यास, त्याच्या तरुणपणच्या वर्तनावर कुजबुजण्यास, किंवा त्याच्या पत्नीकडे संशयाने पाहण्यास कोणालाही आधार नाही. त्याच्या जेवणातून, कपड्यांतून वा स्पर्शातून हा कर्करोग कोणाला लागत नाही. त्याने लपवावे असे त्यात काही नाही, आणि लपविल्याने जे नुकसान होते ते मात्र पुरेपूर होते. कारण हा रोग ग्रंथीत असताना ओळखला तर पुष्कळदा बरा होतो, हाडांत गेल्यावर केवळ आवरता येतो.

उरला प्रश्न मोजदादीचा. कारणाचा शोध नेहमी नोंदीपासून सुरू होतो. मुंबईत १९६३ पासून कर्करोगाची लोकसंख्येवर आधारलेली नोंद ठेवली जाते, नागपुरात १९८० पासून, आणि बार्शीला १९८७ पासून खेड्यांची नोंद होते. भोपाळची नोंद वायुकांडानंतर सुरू झाली. अशा नोंदीचा नियम असा की, ज्या हद्दीत नोंद चालते त्या हद्दीतील रहिवासीच तिच्या हिशेबात धरावयाचा. सौंसरचा रुग्ण नागपुरात तपासला जातो, तेथेच त्याच्यावर शस्त्रक्रिया होते. पण तो नागपूरचा रहिवासी नसल्याने नागपूरच्या हिशेबात येत नाही, आणि भोपाळच्या हद्दीत तर तो कधीच नव्हता. दोन राज्यांच्या मध्ये पडलेल्या जमिनीचा तंटा आम्ही पुष्कळ पाहिला आहे. दोन नोंदवह्यांच्या मध्ये पडलेल्या माणसाचा तंटा कोणत्या न्यायालयात लावावा?

नव्या जिल्ह्याला कचेऱ्या मिळाल्या. त्यांतील एखाद्या कचेरीत जिल्ह्यातील कर्करोगाच्या रुग्णांची नोंदवही उघडली जावी, नागपूरच्या रुग्णालयांकडून तिच्यात माहिती मागविली जावी, एवढे मागणे अवास्तव नाही. बार्शीने ते खेड्यापाड्यांत करून दाखविले आहे. विषाणूचा दोष असेल तर तो अशाच नोंदीतून एक दिवस शाबीत होईल. नसेल तर संशयही त्याच नोंदीने फिटेल. तोवर ज्याला रात्री तीनदा उठावे लागते त्याने संकोच सोडून वैद्याकडे जावे, आणि घरच्यांनी त्याचे ताट आपल्याच पंक्तीत वाढावे.